आधी थांबायला शीक!

आमच्या घरातला एक जुना शिरस्ता आहे. मे महिन्याची सुटी लागली की पुण्याच्या बिऱ्हाडाला कुलूप घालायचे आणि कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठी आमची वडिलार्जित शेती आहे, तिथे महिनाभर तळ ठोकायचा. शेती म्हणजे काही जहागीर नव्हे. सात एकर काळे रान, एक विहीर, एक गोठा आणि या साऱ्याचा कारभार एकहाती पाहणारे माझे थोरले बंधू, आमचे दादा. तिथे आंबे खावेत, विहिरीत डुंबावे, रात्री अंगणात बाज टाकून आकाश पाहत झोपावे आणि जून उजाडला की मुकाट्याने परत फिरावे, एवढाच आमचा कार्यक्रम.

२०२४ च्या मे महिन्यात मात्र आमच्या कन्येने घरातून निघण्यापूर्वीच जाहीर केले, “बाबा, यंदा मी आंब्यांसाठी येत नाही. मोठ्या काकांची जीप शिकायला येतेय.”

तिला फेब्रुवारीत सतरा वर्षे पुरी झाली होती. ‘अजून एक वर्ष आहे,’ असे मी म्हणालो. ‘शिकायला आजच सुरुवात केली तर वर्षाने येईल,’ असे ती म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, ही कल्पना माझीच असावी! मी नेहमीप्रमाणे निर्णय दादांवर सोपवून मोकळा झालो. दादा नाहीच म्हणतील, अशी माझी खात्री होती.

दादा म्हणाले, “शिकवतो की. पण माझ्या पद्धतीनं.”

कासरा आणि किल्ली

दादांची जीप म्हणजे एक जुना डिझेलचा डबा आहे. ती सुरू होताना साऱ्या वस्तीला जाग येते आणि बंद करताना एक मूठ बाहेर ओढून धरावी लागते. पहिल्या दिवशी सकाळी सातलाच दादांनी पुतणीला तिच्या चाकामागे बसवले, पाठीशी उशी दिली, पाय पुरतात की नाही ते पाहिले आणि विचारले, “गाडी चालवायची तर पहिल्यांदा काय शिकायचं?”

“सुरू करायला,” कन्या उत्साहाने म्हणाली.

“चूक. आधी थांबायला शीक.”

आणि पहिली संपूर्ण सकाळ जीपचे इंजिन सुरूच झाले नाही! गोठ्याच्या मागे थोडा उताराचा मुरमाड पट्टा आहे. तिथे जीप न्यूट्रलमध्ये ठेवायची, ब्रेक सोडायचा, दहा-वीस पावले गडगडू द्यायची आणि दादांनी “हो!” म्हटले की थांबवायची. कधी पायाच्या ब्रेकने, कधी हातब्रेकने. मग आम्ही सर्वांनी मिळून ती वर ढकलत न्यायची आणि पुन्हा तेच. वीस वेळा तरी हा खेळ झाला. ढकलण्याच्या कामी माझी नेमणूक झाल्यामुळे तो आकडा माझ्या चांगला लक्षात आहे.

दुपारी जेवताना मी कुरकुर केली. आम्ही दोघे भाऊ लहानपणी बैलगाडी हाकायला शिकलो, तेव्हा आम्हांला कुठे कोणी धडे दिले होते? बाजाराहून परतताना वडील गाडीतच झोपी जात. दहा वर्षांचे दादा कासरा धरून बसत आणि बैल बरोबर वळणावर वळून गोठ्यापुढे येऊन उभे राहत.

दादा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “बैलाला स्वतःचा जीव असतो रे. पुढं खड्डा दिसला की तो थबकतो, आडवं पोर आलं की बिचकतो. म्हणून पोराच्या हातात कासरा दिला तरी निम्मं शहाणपण बैलाचं असायचं. या जीपला डोळे आहेत का? हिच्यातलं सगळं शहाणपण बसणाऱ्यानं घरून घेऊन यायचं.”

मी निरुत्तर झालो. पुढचे तीन आठवडे जे चालले होते, ते सारे या एका वाक्यात होते असे आता वाटते.

दोन तळहात आणि बारा पावले

दुसऱ्या दिवसापासून हरभरा निघून मोकळ्या झालेल्या दोन एकरांच्या रानात खरे शिक्षण सुरू झाले. शिकवणीचा पहिला मान मी हट्टाने मागून घेतला, आणि अर्ध्या तासात गमावला. कारण मी ओरडत होतो. “क्लच! क्लच दाब! अगं ब्रेक! क्लच सोड! हळू!” अशा आठ आज्ञा मी एका दमात दिल्या. त्यांतली कोणती पाळावी या विचारात मुलगी असताना जीप शांतपणे शेणखताच्या ढिगात शिरली. इजा कोणालाच झाली नाही. अपमान मात्र खताचाही झाला असावा.

दादांनी मला खाली उतरवले आणि स्वतः शेजारी बसले. त्यांची पद्धत निराळी होती. ते एका वेळी एकच गोष्ट सांगत आणि तीही हळू आवाजात. क्लच समजावताना त्यांनी आपले दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरले. एक तळहात इंजिनाचा, तो सतत फिरणारा. दुसरा चाकांकडे जाणारा, तो थांबलेला. पायाने क्लच दाबला की हे तळहात दूर होतात, सोडला की जुळतात. फिरता तळहात थांबलेल्यावर एकदम आपटला की गाडी आचका देऊन बंद पडते. तो घासत घासत जुळवला की दुसराही हळूच फिरू लागतो. “जुळायला लागले की गाडी पायाला सांगते. थोडी थरथरते, इंजिनाचा आवाज जड होतो. तिथं पाय थांबव. घाई करू नको.”

डिझेलच्या अशा जुन्या इंजिनाचा एक गुण म्हणजे पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरला पाय न लावताही ते गाडी ओढत नेते. त्याचा दादांनी पुरता उपयोग करून घेतला. दोन दिवस उजव्या पायाला ब्रेकखेरीज काम नव्हते. जीप माणसाच्या चालीने रानभर फिरे आणि आमची कन्या क्लचच्या एका पायावर तिला सोडायला आणि धरायला शिके. मग दुसरा गिअर आला. मग कळकाच्या काठ्या रोवून त्यांच्यामधून आठाच्या आकड्यासारखी वळणे आली. मग त्याच वाटेने उलटे, मागे पाहत.

एका संध्याकाळी दादांनी त्या मुरमाड पट्ट्यावर एक काठी रोवली आणि म्हणाले, “काटा पंधरावर ठेव. काठीपाशी आलीस की ब्रेक दाब.” जीप थांबली. दादांनी पावले मोजली. काठीच्या पुढे तीन. “आता तीसवर आण.” पुन्हा तसेच. पावले बारा भरली.

“वेग दुप्पट केला तर थांबायला जागा दुप्पट नको होती का?” कन्येने विचारले.

इथे मला तोंड उघडायची संधी मिळाली. चालत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट काम पडते. हे तिने अकरावीच्या पुस्तकात वाचले होते आणि त्यावर गुणही मिळवले होते. पण तीन पावले आणि बारा पावले स्वतः चालून पाहिल्यावर तिचा चेहरा जसा गंभीर झाला, तसा तो परीक्षेत कधी झाला नव्हता. आणि ही बारा पावले ब्रेक दाबल्यानंतरची. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी जे अंतर तोडते, ते वेगळेच.

फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर

शिक्षण असे रंगात आले असता एक दिवस वर्तमानपत्र आले आणि घरातले वातावरणच पालटले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीची धडक बसून दोन तरुण अभियंते ठार झाले होते, आणि ती मोटार एक सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असे पोलिसांचे म्हणणे होते.

सतरा वर्षे! आमच्या सौभाग्यवतींनी तो अंक दादांच्या पुढ्यात ठेवला आणि हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या, “भावजी, आजपासून बंद. त्या दोघांनाही आईबाप असतील.”

दादांनी बातमी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “वहिनी, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मी फाटकाला कुलूप ठेवलं आहे.”

खरोखरच, धडा सुरू होण्यापूर्वी दादा रोज फाटकाला कुलूप घालीत आणि किल्ली आपल्या खिशात ठेवीत, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी मी कायदाही पाहून घेतला. शहरातल्या कित्येक सुशिक्षित घरांतही त्याविषयी अज्ञान असते, म्हणून थोडक्यात सांगतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी मोटार चालवण्यास वयाची १८ वर्षे पुरी व्हावी लागतात. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला तेवढी १६ वर्षांची सवलत आहे. ट्रॅक्टरला अशी कोणतीही सवलत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे केवळ डांबरी सडक नव्हे. जिथून लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती जागा या व्याख्येत येते. म्हणजे आमच्या फाटकाबाहेरची, सगळ्या शिवाराच्या वहिवाटीची पाणंदसुद्धा! २०१९ च्या दुरुस्तीने तर पालकांचेच कान धरले आहेत. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही.

स्वतःच्या बंदिस्त रानाची गोष्ट वेगळी. पण रान आपले असले तरी तिथला अपघात काही खासगी होत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर फौजदारी कायदा बांधापाशी थांबत नाही, आणि दुःख तर नाहीच नाही.

दोन दिवस धडे बंद राहिले. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती स्वतः रानात आल्या, आंब्याखाली बसून सकाळभर पाहत राहिल्या आणि उठताना एवढेच म्हणाल्या, “फाटकाची किल्ली यापुढं माझ्याकडं राहील.”

ट्रॅक्टरचे अवघड गणित

शेवटच्या आठवड्यात कन्येने ट्रॅक्टरचा हट्ट धरला. जीपपेक्षा ट्रॅक्टर हळू चालतो, तेव्हा तो सोपा असणार अशी तिची समजूत. शहरातल्या आपल्यासारख्यांची हीच समजूत असते, आणि ती चुकीची आहे.

दादांनी तिला आधी ट्रॅक्टरभोवती फिरवले. ट्रॅक्टरला ब्रेकची पायपट्टी एक नसते, दोन असतात. एक डाव्या मागच्या चाकाची, एक उजव्या. नांगरताना शेताच्या कडेला थोड्या जागेत वळायचे तर एकाच बाजूचा ब्रेक दाबतात. पण रस्त्यावर वेगात असताना एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. म्हणून रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या कडीने जोडून टाकायच्या. मागे ओढायचे ओझे नेहमी खालच्या दांडीलाच जोडायचे. साखळी मागच्या आसाच्या वर बांधली आणि ओझे रुतून बसले, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती भक्कम संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांची संख्या पुढे झपाट्याने खाली आली. आमच्या शिवारातल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर उन्हासाठी छत्री दिसते, चौकट दिसत नाही.

मग दादांनी ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्रे फिरवणारा दांडा दाखवला. त्याची नेहमीची गती मिनिटाला ५४० फेरे. “सेकंदाला नऊ,” कन्येने हिशेब केला. “म्हणजे तुझ्या ओढणीचं टोक त्यात गेलं तर तू ‘काका’ म्हणेपर्यंत काय होईल बघ,” दादा म्हणाले. तिने ओढणी काढून काकूंकडे दिली. त्या दिवसापासून ती केसही घट्ट बांधून येऊ लागली.

तिला बाजूच्या मडगार्डवर माझ्यासाठी जागा दिसली. “बाबा, तुम्ही इथं बसा ना.” दादांचा आवाज सबंध महिन्यात प्रथमच चढला. “तिथं कोणी बसायचं नाही!”

का, ते त्यांनी तिला सांगितले नाही. मला ठाऊक होते. बऱ्याच वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीवर एक बाप आपल्या सहा वर्षांच्या मुलाला मडगार्डवर बसवून नांगरत होता. एक ढेकूळ लागले, हिसका बसला, आणि मूल मागच्या चाकापुढे पडले. हाकेला धावून जाणाऱ्यांत दादा पहिले होते. त्या बापाने त्यानंतर ट्रॅक्टरला हात लावला नाही. आम्ही सगळेच लहानपणी कौतुकाने मडगार्डवर बसत होतो, बसवत होतो. त्या दिवसापासून दादांनी ते बंद केले.

अवजार न जोडता, अगदी सावकाश, मोकळ्या रानात चार फेऱ्या मारून कन्या खाली उतरली आणि आपणहून म्हणाली, “एवढं पुरे. हे मी नंतर शिकेन.” दादांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मला वाटते, तिने मिळवलेले पहिले प्रशस्तिपत्र तेच.

फाटकापाशी

आमच्या मुक्कामाचे दोन दिवस उरले होते. दादा आणि मी माझी मोटार घेऊन कऱ्हाडला गेलो होतो. दुपारी विहिरीकडे जनावरांसाठी कडवळ कापताना आमच्या जुन्या गड्याच्या पायावर विळा बसला. जखम खोल होती. काकूंनी आणि सौभाग्यवतींनी लुगड्याच्या घडीने ती दाबून धरली, पाय उंच ठेवला, १०८ ला फोन केला. गाडी निघत होती, पण पोचायला अर्धा तास लागणार होता. साठीचा माणूस, त्याला एक पाऊल चालवेना. आणि घरी वाहन होते ते एकच.

कन्येने जीप काढली. बांधाकडेने, दुसऱ्या गिअरमध्ये, जराही धसका न बसू देता तिने ती विहिरीपाशी आणली, मामांना मागे आडवे घेतले आणि चार-पाचशे पावलांवरच्या फाटकापाशी नेऊन थांबवली. आईने कुलूप काढले. पुढे पाणंद, त्यापुढे चार किलोमीटर डांबरी सडक आणि दवाखाना. वाट मोकळी होती. तिला येणार नाही असे त्या वाटेवर काही नव्हते.

ती फाटकातच थांबली. आईने शेजारच्या वस्तीवरच्या अण्णांना फोन केलाच होता, ते मोटारसायकलवरून येईपर्यंत तिने हातब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. दहा मिनिटे गेली. अण्णांकडे परवाना होता. ते चाकामागे बसले, ती मागे मामांचा पाय धरून बसली. दवाखान्यात सात टाके पडले, आणि मामा रात्री घरी येऊन चहा प्यायले.

त्या रात्री अंगणात कोणाला लवकर झोप आली नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, “ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. कुलूप मी काढलं, आणि तिला जा म्हणू की थांब म्हणू, ते मला समजेना.”

मी कन्येला विचारले, “अण्णा आलेच नसते तर?”

ती जरा वेळ गप्प राहिली. “मी घड्याळ पाहून ठेवलं होतं, बाबा. आणखी पाच मिनिटं थांबले असते. तरी रक्त थांबलं नसतं तर गेले असते, अगदी सावकाश. मग काय शिक्षा व्हायची ती झाली असती.”

“शिक्षा तुला नव्हती व्हायची, जीपच्या मालकाला व्हायची होती,” मी म्हणालो.

“मालक काही बोललाय का?” दादा अंधारातून म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “पोरी, तू थांबलीस ते बरोबर केलंस. गेली असतीस तर काय म्हणालो असतो, ते मला आज सांगता येत नाही.”

मलाही येत नाही. वाचकांपैकी कोणाला येत असेल तर त्यांनी ते आपल्या मुलांशी जरूर बोलावे. एवढे मात्र मी पाहिले की, ज्या मुलीला आपण कुठे थांबलो आहोत आणि का, हे ठाऊक होते, तिच्या हातात वाहन असताना मागे झोपलेला माणूस सुरक्षित होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कन्येला अठरा वर्षे पुरी झाली. तिने शिकाऊ परवाना काढला. कायद्याप्रमाणे महिनाभर ‘एल’ची तांबडी पाटी लावून, परवानाधारक माणूस शेजारी बसवून, शहरातल्या गर्दीत हात बसवला. तेही शिक्षण वेगळेच असते. रानात रिक्षा आडव्या येत नाहीत आणि सिग्नलही नसतात. मग परीक्षा देऊन पक्का परवाना मिळवला. आठाचा आकडा आणि उलटी वाट यांचे तिला काहीच वाटले नाही.

त्या मे महिन्यात आम्ही शेतावर गेलो, तेव्हा दादांनी फाटक सताड उघडले आणि जीपची किल्ली तिच्या हाती दिली. बाजार आणायला निघालो. ती चाकामागे, शेजारी मी, मागे दादा. पाणंदीतून सडकेला लागलो. समोरून उसाची ट्रॉली येत होती. कन्येने वेळीच वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि ट्रॉलीला वाट दिली. सगळे यथासांग झाले. फक्त माझा उजवा पाय, जिथे ब्रेकच नाही अशा पत्र्यावर, जिवाच्या आकांताने दाबलेला होता.

दादांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तिला आलं रे थांबायला,” ते म्हणाले. “आता तू शीक.”